बडोद्यातले पैसे आणि बॉक्सिंगची जुनी कार्डं

बडोद्याच्या मराठी घरांमधला एक वाद इथे अमेरिकेतही कानावर येतो. मुलं म्हणतात, शंभर वर्षांपूर्वीची बॉक्सिंग कार्डं, म्हणजे सिगारेटबरोबर मिळणारी बॉक्सरांची चित्रं, घेऊन ठेवू, भाव चढतच जाणार. वडीलधारी म्हणतात, सिगारेटच्या पाकिटातल्या कागदापेक्षा सोनं घ्या. मला वडीलधाऱ्यांचा सल्ला पटतो, पण त्यामागचं कारण पटत नाही.

कागद म्हणून ही कार्डं टाकाऊ मुळीच नाहीत. 1910 च्या सुमाराला मेक्का, हसन या सिगारेटींबरोबर आलेल्या टी-218 मालिकेत जॅक जॉन्सन आहे, पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता. लीफ या अमेरिकन कंपनीच्या 1948 च्या संचातलं रॉकी ग्रॅझियानोचं कार्ड इतकं दुर्मीळ की बहुतेक संग्राहक त्याच्याविनाच संच पूर्ण झाला असं मानतात. टॉप्स कंपनीच्या 1951 च्या रिंगसाइड संचाची 96 कार्डं दोन टप्प्यांत निघाली, त्यातला दुसरा टप्पा मिळणं जड.

अडचण आहे ती मोडताना. सोनं मांडवीच्या सराफाकडे नेलं की तो वजन करून त्याच दिवशी पैसे देतो. कार्डाचं गिऱ्हाईक बडोद्यात नाही, ते इथल्या लिलावात असतं. समजा बोली 1000 डॉलरवर थांबली. खरेदीदाराचं 20 टक्के प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलावगृहाला द्यायची रक्कम, धरून 1200 गेले. टपाल, विमा, कस्टम ड्यूटी वेगळीच. पाच वर्षांनी बोली 1300 वर गेली आणि लिलावगृहाने दहा टक्के कापले, तर हातात 1170. भाव तीस टक्के वाढूनही घाटाच! करोनाच्या काळात इथे इतकी झुंबड उडाली की मार्च 2021 मध्ये पीएसए या ग्रेडिंग कंपनीने (कार्ड खरं आहे का ते तपासून त्याच्या अवस्थेला दर्जा देणाऱ्या) स्वस्त दरातली कामं घेणंच थांबवलं. त्या तेजीत चढ्या भावाने घेतलेल्या अनेकांना पुढे फटका बसला.

तरीही घ्यायचंच असेल, तर दहापट भिंग हवं. जुन्या शिळाछापात (लिथोग्राफीत) रंगाचे ठिपके वेडेवाकडे असतात. आताच्या नकलेत ते एकसारख्या जाळीत बसतात. अंधारात अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा चमकला तर तो बहुधा 1950 नंतरचा, कारण कागदात उजळ करणारी रसायनं सर्रास पडू लागली ती तेव्हापासून. मग व्हर्निअर कॅलिपरने त्याच संचातल्या दुसऱ्या कार्डाशी माप ताडा. कडा कापून टोकदार केलेलं कार्ड ग्रेड न होता परत येतं. विक्रेता सांगतो त्या भावावर जाऊ नका, झालेल्या विक्रीचे आकडे बघा.

बडोद्याच्या पावसाळ्यात पीव्हीसीचा अल्बम नको, तो कार्डाला चिकटतो. पॉलिप्रॉपिलिनचं पाकीट, त्यावर कडक होल्डर, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल. कसर लागेल म्हणून डांबरगोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात.

सुरुवात चर्चमन या ब्रिटिश सिगारेट कंपनीच्या 1938 च्या संचापासून करावी: 50 कार्डं, त्यात हेवीवेट विजेता जो लुई, आणि दुर्मीळ अमेरिकन कार्डांच्या मानाने भाव बराच हलका. पैसे मात्र हौसेच्या खर्चातले घाला, मुदत ठेव मोडून नव्हे.