वेळापत्रक ही सबब नाही, आणि दुखापत हे नाटक तर अजिबात नाही

अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या महिला सॉकर संघाबद्दल एक लांबलचक मेसेज सध्या फिरतो आहे. मूळ इंग्रजीत, संघाच्याच एका चिडलेल्या चाहत्याने लिहिलेला. तिथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचं मराठी केलं, आणि मग तो न्यू जर्सी, पुणे, सांगली असा सगळीकडे पोचला. त्यातले मुद्दे थोडक्यात असे. व्यावसायिक खेळाडू आठवड्याला दोन मॅच वर्षातले दहा महिने खेळतात, मग विशीतल्या मुलींना अडीच-तीन महिने खेळायला काय होतं? आठवड्याला फक्त २० तास तर द्यायचे असतात. बदली खेळाडू हवे तितके उतरवता येतात, त्यामुळे दमण्याचा प्रश्नच नाही. कोचने उगाच तगडे प्रतिस्पर्धी घेतले, सोपे घेतले असते तर आज विजयांची रांग लागली असती. सप्टेंबरातच सीझन संपला आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने २०२४ मध्ये कोचला हाकललं आणि विजेतेपद मिळवलं, तसंच इथेही सीझनच्या मधेच बाहेरचा कोच आणून करा. आणि शेवटी: निम्म्या मुली दुखापतीची नाटकं करून बेंचवर बसतात, फुकट शिक्षण घेतात तर दुखणं सोसून खेळावं.

त्या संघात माझी भाची खेळते. कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही. त्या मुलींबद्दल लोकांनी आधीच पुष्कळ लिहिलं आहे. पण मेसेजमधली बरीचशी विधानं संघ कुठलाही असला तरी चुकीची आहेत, म्हणून उत्तर देते आहे.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करते, कारण त्याने खरं नुकसान झालं. हा मेसेज माझ्या आईपर्यंत पोचला. आईने आयुष्यात सॉकरची मॅच पूर्ण पाहिलेली नाही, पण नातीची काळजी तिला आहेच. तिने फोन करून सांगितलं, "बाळा, परदेशात शिकायला मिळतंय, थोडं दुखलं तर सोस." पोरीची हॅमस्ट्रिंग ताणली गेली आहे, संघाच्या डॉक्टरांनी तिला थांबायला सांगितलं आहे, आणि आजीचं ऐकून ती दुसऱ्या दिवशी ट्रेनरकडे गेली की मला पुढच्या मॅचला घ्या. ट्रेनरने नाही म्हटलं म्हणून बरं. मांडीचा ताणलेला स्नायू पुरता भरून यायच्या आत पुन्हा पळवला तर तो पुन्हा फाटतो आणि दुसऱ्या खेपेला जास्त दिवस घेतो, हे कुठलाही फिजिओ सांगेल. घरात बसून "नाटक" लिहिणाऱ्याला ते कळत नसेल तर त्याने विचारावं.

"फुकट शिक्षण" हेही तपासून लिहिलेलं नाही. कित्येक वर्षं एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, पहिल्या श्रेणीत महिला सॉकर संघाला जास्तीत जास्त १४ पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम देता येत होती. पुरुषांच्या संघाला तर ९.९ इतकीच. संघात मुली असतात पंचवीस-तीस. कोच ही रक्कम वाटून देतो, कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला काहीच नाही. २०२५ च्या जूनमध्ये खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या खटल्यात कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांसाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू अशी मर्यादा आली. म्हणून काही प्रत्येक मुलीची फी माफ झालेली नाही, कारण मर्यादा उठली तरी पैसा कॉलेजनेच उभा करायचा असतो. शिवाय स्कॉलरशिप ज्या मुदतीसाठी दिली आहे त्या मुदतीत ती खेळाडूला दुखापत झाली म्हणून कमी करता येत नाही, असा एनसीएएचाच नियम आहे. म्हणजे जी संस्था पैसे देते तीसुद्धा दुखापतीवरून हिशोब मागत नाही. तो मागण्याचा अधिकार मेसेज लिहिणाऱ्याला कुणी दिला?

आता "व्यावसायिक खेळाडू खेळतातच की" हा मुद्दा. मेसेजमधला सगळ्यात जास्त टाळ्या मिळवणारा मुद्दा हाच, आणि पुराव्यापुढे तोच सगळ्यात कच्चा ठरतो. ग्रेगरी ड्युपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपातली चॅम्पियन्स लीग स्पर्धा खेळणाऱ्या एका क्लबच्या ३२ खेळाडूंवर त्यांनी २००७-०८ आणि २००८-०९ असे दोन सीझन लक्ष ठेवलं. आठवड्याला एक मॅच असताना दर हजार तासांच्या खेळामागे दुखापतींचं प्रमाण होतं ४.१. आठवड्याला दोन मॅच झाल्या की ते २५.६ वर गेलं. सहा पट! लक्षात घ्या, हे व्यावसायिकच आहेत. त्यांच्या मागे डॉक्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ, मालिशवाले असा लवाजमा असतो, आणि मॅच संपल्यावर त्यांना रसायनशास्त्राची चाचणी द्यायची नसते. तरीही सहा पट. ज्यांचं उदाहरण देऊन मुलींना हिणवलं, त्यांचंच शरीर हे सांगतं आहे.

या अभ्यासात दोन मॅचमधली विश्रांती होती ७२ ते ९६ तासांची. कॉलेजच्या महिला सॉकरमध्ये कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्याच गटातल्या कॉलेजांशी होणाऱ्या, मॅच बहुतेक ठिकाणी गुरुवार आणि रविवार अशा असतात. गुरुवारी रात्री नऊला एक मॅच संपली आणि रविवारी दुपारी एकला दुसरी सुरू झाली, तर मधे उरतात ६४ तास. म्हणजे ज्या विश्रांतीत व्यावसायिकांच्या दुखापती सहा पट झाल्या, त्याहूनही कमी. आणि त्या ६४ तासांत बस, विमान, हॉटेल, शुक्रवारचा वर्ग हे सगळं आलं. अभ्यास एकाच क्लबचा आहे, पुरुषांचा आहे, हे मला माहीत आहे. पण मुलींच्या बाबतीत चित्र सौम्य असेल असं मानायला काही आधार नाही. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण कॉलेज सॉकर खेळणाऱ्या मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त आहे, हे एनसीएएच्याच आकडेवारीवरून १९९५ मध्ये दाखवून झालं आहे.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, मनात नसली तरी. त्याच अभ्यासात असंही दिसलं की दुसऱ्या मॅचमध्ये खेळाडूंचं एकूण धावणं, वेगात धावणं, यात फारसा फरक पडला नाही. दमलेला खेळाडू धावतो तेवढंच, पण मोडतो जास्त. त्यामुळे "आम्ही थकलो म्हणून हरलो" असं जर कुणी सरसकट म्हणत असेल तर तेही पुराव्यात बसत नाही. आमच्या संघाने कॉर्नर किकवर जे गोल खाल्ले ते वेळापत्रकामुळे नाहीत. गोलच्या जवळच्या खांबापाशी कुणी उभंच राहत नाही. पुढच्या फळीला डाव्या बाजूने चेंडू मिळाला तरच काहीतरी घडतं, आणि हे आता प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला कळलं आहे. चाहत्यांनी यावर बोलावं, कोचला धारेवर धरावं, माझी काही हरकत नाही. मेसेजमध्ये या गोष्टींवर एक ओळ नाही.

"फक्त २० तास" हा मुद्दा वाचून तर मी अवाक झाले. नियम खरा आहे: सीझनमध्ये दिवसाला ४ आणि आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त वेळ खेळासाठी घेता येत नाही, आणि एक दिवस सुट्टी द्यावी लागते. पण मोजणी कशी होते ते पाहा. मॅचचा दिवस कितीही लांबला तरी तो ३ तासच धरतात. प्रवास धरतच नाहीत. पहाटे पाचला बस, मग विमान, मग पुन्हा बस, रात्री हॉटेल, या सगळ्याचे या हिशोबात शून्य तास.

आणि प्रवास किती वाढला आहे याची मेसेज लिहिणाऱ्याला कल्पना असायला हवी होती, कारण तो स्वतःला जुना चाहता म्हणवतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावरची यूसीएलए, यूएससी, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठं बिग टेन या कॉन्फरन्समध्ये गेली, जिथे न्यू जर्सीचं रट्गर्सही आहे. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्नियाची बर्कली गेली एसीसीमध्ये, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या कॉन्फरन्समध्ये. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सी सुमारे ४ हजार किलोमीटर. आपल्याकडे कन्याकुमारीहून थेट श्रीनगरपर्यंत उडत गेलं तरी ३ हजारांच्या आत भरतं. शिवाय घड्याळ तीन तासांनी पुढे. हे सगळं झालं ते अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही हक्कांच्या पैशासाठी. सॉकरच्या मुलींना कुणी विचारलं नाही, पण विमानात त्यांनाही बसावंच लागतं. या नव्या मांडणीचा फटका बसलेल्या प्रत्येक संघाच्या चाहत्याने राग काढायचा तर तो तिथे काढावा.

बदली खेळाडूंचं अर्धं खरं आहे. कॉलेज सॉकरमध्ये बदली खेळाडूंचे नियम उदार आहेत: पहिल्या अर्ध्यात बाहेर गेलेली मुलगी त्या अर्ध्यात परत येऊ शकत नाही, दुसऱ्या अर्ध्यात एकदा परत येऊ शकते. फिफाच्या नियमात गेलेला खेळाडू गेलाच. त्यामुळे पुढच्या फळीला आणि मधल्या फळीला दम घेता येतो. पण बचावफळीच्या मध्यभागी खेळणाऱ्या दोघी आणि गोलकीपर बहुतेक सगळीकडे पूर्ण ९० मिनिटं खेळतात, कारण ती जोडी मोडली की बचाव विस्कळीत होतो. आमच्याकडच्या दुखापती मैदानावर कुठल्या जागी खेळणाऱ्या मुलींना झाल्या आहेत ते चाहत्यांना ठाऊक आहे.

सोपे प्रतिस्पर्धी घ्यायला हवे होते, असं म्हणणाऱ्याने एनसीएए स्पर्धेची निवड कशी होते ते एकदा वाचावं. स्पर्धेत ६४ संघ. कॉन्फरन्स जिंकणाऱ्यांना थेट प्रवेश, बाकीच्या जागा समिती भरते. समितीच्या हातात वर्षानुवर्षं असलेलं मुख्य मोजमाप म्हणजे आरपीआय नावाचा गुणांक. त्याचं मूळ सूत्र असं: २५ टक्के तुमचे विजय, ५० टक्के तुमच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय, २५ टक्के त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय. चारातले तीन हिस्से तुम्ही कुणाशी खेळलात यावर. दुबळ्या संघांना ५-० ने हरवून आकडे फुगवले तर नोव्हेंबरात समिती विचारते, हे संघ कोण होते? ऑगस्ट-सप्टेंबरच्या मॅच कोच स्वतः ठरवतो, कॉन्फरन्सच्या ठरवत नाही. तेव्हा आपल्या हातातल्या मॅचमध्ये तगडे संघ घेणं हा वेडेपणा नाही. एका आठवड्यात असे दोन घेतले, हे मात्र मलाही पटलेलं नाही.

सीझन सप्टेंबरात संपत नाही, यावर जास्त लिहायची गरज नसावी. पुरुषांच्या स्पर्धेत २०२४ मध्ये व्हरमाँटला मानांकनसुद्धा नव्हतं, आणि त्यांनी अंतिम सामन्यात मार्शलला जादा वेळेत २-१ ने हरवलं. उलटही होतं. २०२३ मध्ये यूसीएलएच्या मुली, आदल्या वर्षीच्या विजेत्या, अव्वल मानांकनासह आल्या आणि पहिल्याच फेरीत घरच्या मैदानावर यूसी अर्व्हाइनकडून १-० ने हरल्या.

राहिलं नॉर्थ कॅरोलायना. मेसेजमधलं सगळ्यात धडधडीत खोटं हे. तिथले कोच अ‍ॅन्सन डोरन्स यांना कुणी हाकललं नाही. १९७९ पासून तो महिला संघ त्यांनी उभा केला, एनसीएएची २१ विजेतेपदं मिळवली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, सीझन सुरू व्हायच्या तोंडावर, ते स्वतः निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेले डेमन नहास हे त्यांचेच सहायक, त्या मुलींना आधीपासून ओळखणारे. डिसेंबरात वेक फॉरेस्टला १-० ने हरवून २२ वं विजेतेपद आलं. पंचेचाळीस वर्षांची घडी, घरातलाच माणूस, आणि सीझनच्या आधी झालेला बदल. यातून "सीझनच्या मधे बाहेरचा कोच आणा" असा धडा कुणाला कसा मिळतो?

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला आहे त्यांच्याकडे माझी मागणी एकच. कोचवर, डावपेचांवर, कॉर्नरच्या बचावावर हवं ते लिहा. दुखापतीच्या नाटकांचा मुद्दा मात्र मागे घ्या, आणि ज्या ज्या ग्रुपवर तो पाठवला त्या प्रत्येक ग्रुपवर तसं लिहा. आमच्या सांगलीच्या ग्रुपवरही.