दोन लाखांवरची गाडी आणि कुंभार्ली घाट

गणपती जवळ आले की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. 'गाडी दहा वर्षांपेक्षा जुनी असेल किंवा रनिंग एक लाख किलोमीटरच्या वर गेलं असेल तर ती कोकणात नेऊ नका.' खाली पाच कारणं: लाखानंतर इंजिन संपतं, जुनी गाडी कुठेही बंद पडते, घाटात ब्रेक फेल होतात, दुरुस्तीत नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा जास्त पैसे जातात आणि पंधरा वर्षांनंतर गाडी बेकायदा ठरते. यंदा तो मावशीनेच मला पाठवला, काळजीपोटी. माझी सॅन्ट्रो २००९ची, रनिंग २,११,००० च्या पुढे गेलेलं, आणि पुण्याहून गुहागरजवळच्या माहेरी मी दर वर्षी तिच्यातूनच जाते. मावशीला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, कारण हा मेसेज वाचून लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात आणि खरा धोका बघायचा राहतो.

इंजिनापासून सुरुवात करू. कुठल्याही टुरिस्ट गाड्यांच्या स्टँडवर जाऊन इनोव्हावाल्यांना रनिंग विचारा. तीन-चार लाख सांगणारे सहज भेटतील, आणि त्याच गाड्यांत बसून आपण अष्टविनायक करून येतो. इंजिन ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर लाख हा काही इंजिनाचा शेवट नव्हे. उलट रोज दोन किलोमीटर शाळेपर्यंत आणि परत एवढीच फिरणारी गाडी इंजिनाला जास्त वाईट. इंजिन नीट तापतच नाही, आणि ऑइलमध्ये पाण्याचा, पेट्रोलचा अंश साठत राहतो. वापरलेली गाडी घेताना 'फक्त चाळीस हजार चाललीय' यावर खूश होणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की मीटर मागे फिरवता येतो.

रनिंगवर खरोखर नजर ठेवायची ती टायमिंग बेल्टसाठी, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणाऱ्या पट्ट्यासाठी. सॅन्ट्रोच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, इनोव्हाच्या जुन्या २.५ डिझेलमध्येही आहे. मारुतीच्या के-सीरिज इंजिनांना चेन असते. बेल्ट रबराचा. चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतात आणि मग इंजिनाचा वरचा भाग (हेड) उघडल्याशिवाय सुटका नाही. म्हणून तो मॅन्युअलमधले किलोमीटर किंवा वर्षं, यातलं जे आधी भरेल त्याला बदलायचा. मी १,९०,००० किलोमीटरला, पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनर बेअरिंगसकट बदलून घेतला. मेसेजमध्ये बेल्टचा शब्दही नाही.

'जुनी गाडी कुठेही बंद पडते.' माझीही पडली आहे. २०२२ मध्ये गौरी-विसर्जन करून परत येत होतो. चिपळूण मागे पडलं, पोफळीनंतर कुंभार्लीची चढण लागली, पाऊस होता. सहाव्या-सातव्या वळणावर तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकला. एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, कारण हीटर इंजिनाची थोडी उष्णता आत ओढून घेतो. तेवढ्यावर रुंद जागा सापडेपर्यंत गाडी रेटली आणि इंजिन बंद केलं. बॉनेट उघडून पाऊण तास नुसते उभे राहिलो. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, थेट तोंडावर येतं. गार झाल्यावर बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर खालचा होज पाइप क्लिपपाशी फुगून मऊ पडला होता आणि तिथून थेंब थेंब कूलंट गळत होतं. क्लिप पुढे सरकवून घट्ट केली, पाणी भरलं, थांबत थांबत हेळवाकला चढलो.

निघण्याच्या तीन दिवस आधी एका गॅरेजने याच गाडीला 'सगळं ओके' म्हणून कागद दिला होता. पाइपची किंमत काही शे रुपये. गार इंजिनावर तो दोन बोटांत दाबला असता तर कोणालाही कळलं असतं. चांगला पाइप दाबला की परत उसळतो; म्हातारा पाइप एकतर पिठासारखा दबतो नाहीतर कडक होऊन त्याला चिरा दिसतात. आता निघायच्या आठवडाभर आधी मी स्वतः बॉनेट उघडून सगळे पाइप दाबते. फॅन बेल्ट उलटा वळवून चिरा बघते, गाडीची बॅटरी तीन-चार वर्षांची झाली की ती बंद पडायची वाट न बघता बदलते. रस्त्यात गाडी अडते ती बहुतेक वेळा अशाच छोट्या वस्तूंमुळे, आणि त्या पाच वर्षांच्या गाडीतही म्हाताऱ्या होतात.

टायरचंही तसंच. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांवरचा टायर मी लांब नेत नाही. स्टेपनीचाही आकडा बघा. ती बिचारी कधीच कोणी बघत नाही.

ब्रेकबद्दल मेसेजची भीती खरी आहे, कारण मात्र चुकीचं. घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेक तापतात, आणि पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारं ब्रेक ऑइलही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो. उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणजे दर दोन वर्षांनी ऑइल बदललेली माझी सॅन्ट्रो, पाच वर्षांत ते एकदाही न बदललेल्या एसयूव्हीपेक्षा इथे बरी. उतारावर दुसरा गिअर, इंजिनाचा ब्रेक, आणि मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १२,४५० बसतो, म्हणजे वर्षाला दीड लाख. माझ्या वहीत गेल्या वर्षीचा सगळा खर्च, दोन टायर धरून, ३१,४०० आहे.

बेकायदा ठरण्याचा नियम दिल्ली आणि आसपासच्या भागातला (एनसीआर): तिथे डिझेलला दहा, पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली होती. महाराष्ट्रात खासगी गाडीची पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. माझी २०२४ मध्ये वाढली, फी ५,००० रुपये.

जुन्या गाडीबद्दल दोन गोष्टींचा मात्र मला खरोखर घोर आहे, आणि त्या या मेसेजमध्ये नाहीत. एक गंज. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी जॅकवर चढवून खालून टोचून बघा. सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा पापुद्र्यासारखा निघाला तर त्या गाडीने घाट करू नये, रनिंग कितीही कमी असो. दुसरी गोष्ट म्हणजे माझ्या सॅन्ट्रोत एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, एअरबॅग नाही. हे कुठल्याही सर्व्हिसिंगने भरून निघत नाही. म्हणून मी ऐंशीच्या वर जात नाही, अंधार पडायच्या आत पोचेन अशी पहाटे पाचला निघते आणि समृद्धीवर ती गाडी घालत नाही. यंदा भाची सोबत येणार आहे, सहा वर्षांची. मावशीला सांगितलंय की या खेपेला दादाची नवी गाडी नेऊ. निघायच्या आधी त्या गाडीचंही ब्रेक ऑइल बदलून घेईन. विचारलं तर दादाला शेवटचं कधी बदललं ते आठवत नव्हतं.