हाकाताचा खड्डा आणि आपले फॉरवर्ड

पावसाळ्यात रस्त्यांची चाळण झाली की तो फोटो नेमाने ग्रुपवर येतो. डावीकडे चौकच्या चौक गिळणारं विवर, उजवीकडे गुळगुळीत डांबर. 'जपानने आठवड्यात बुजवला, आणि आपण?' खाली हात जोडणारे काका, मावश्या, सगळे.

फोटो खरा आहे. फुकुओका शहर, हाकाता स्टेशनसमोरचा रस्ता. ८ नोव्हेंबर २०१६ ला पहाटे जवळपास ३० मीटर लांब-रुंद आणि १५ मीटर खोल जमीन खचली. १५ तारखेला पहाटे रस्ता पुन्हा सुरू. काम अफाटच होतं. खड्ड्यात साचलेलं पाणी न उपसता, पाण्यातही घट्ट होणारी सिमेंट-मातीची रबडी त्यात ओतत राहिले.

पण खड्डा पडला कशाने, हे कुणीच विचारत नाही. मेट्रोनेच पाडला तो! नानाकुमा मार्ग हाकातापर्यंत नेण्यासाठी खाली भुयार खणणं चालू होतं. भुयाराच्या डोक्यावर पाणी अडवणारा थर होता, तो तिथे पुरेसा जाड आणि भक्कम नव्हता. तो फुटला आणि वरची ओली वाळू पाण्यासकट आत आली. जपानी इंजिनिअरचाही अंदाज चुकतो, बरं का.

मला त्या आठवड्यापेक्षा त्याआधीची काही मिनिटं मोठी वाटतात. आत पाणी शिरतंय म्हटल्यावर कामगार बाहेर पडले आणि जमीन खचायच्या आत वरची वाहतूक थांबवली गेली. एकही जीव गेला नाही. आपल्याकडे तोवर 'साहेबांना विचारून सांगतो' चाललं असतं, असं माझं प्रामाणिक मत.

आणि गोष्ट १५ तारखेला संपतही नाही. २६ नोव्हेंबरला तोच रस्ता ७ सेंटीमीटरपर्यंत खाली बसला, काही तास बंद ठेवावा लागला. तो फोटो कधी आलाय ग्रुपवर? मग तज्ज्ञांची समिती, कारणांचा शोध, बुजवलेली जमीन नव्याने मजबूत करणं आणि त्याच जागेतून पुन्हा भुयार. २०२० च्या आर्थिक वर्षात सुरू होणार होती ती गाडी नानाकुमा मार्गाच्या हाकाता स्टेशनात आली २७ मार्च २०२३ ला. म्हणजे रस्त्याला आठवडा लागला आणि स्टेशनला सहा वर्षांहून जास्त. या उशिराचं मला जास्त कौतुक आहे. उद्घाटनाच्या तारखेसाठी कच्च्या जमिनीत घाई केली नाही.

तेव्हा तुलना खुशाल करा. मुंबई-पुण्यातही भुयारी मेट्रो आहे, वर माणसं राहतात. फक्त 'आठवड्यात बुजवा' म्हणण्याऐवजी एवढं विचारा, की खाली पाणी दिसलं तर वरचा रस्ता बंद करायचा अधिकार साइटवरच्या नेमक्या कुणाला दिलाय, आणि त्याला त्यासाठी कुणाची सही लागते.