निफाडची थंडी आणि तो फॉरवर्ड
ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, निफाडला द्राक्षाच्या पानांवर बर्फ जमलेला फोटो आणि खाली 'कुठंय ते ग्लोबल वॉर्मिंग?'. अहो, फोटो खोटा नाही, डिसेंबर 2018 मध्ये तिकडं खरंच दवबिंदू गोठले होते, मण्यांना तडे जातील म्हणून लोक रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसलेले. पण तेच 2018 साल आपल्या हवामान खात्याच्या हिशेबात 1901 पासूनचं भारतातलं सहावं उष्ण वर्ष निघालं! उत्तरेचे गार वारे, निरभ्र आकाश, की पारा उतरणारच, चार रात्रींचा मामला तो. वॉर्मिंग म्हणजे अख्ख्या पृथ्वीचं सरासरी तापमान वर्षानुवर्षं वाढत जाणं, आणि 2024 तर भारतातलं सगळ्यात उष्ण वर्ष ठरलंय, त्याचा फॉरवर्ड मात्र कुणी पाठवला नाही.