ग्रनादातल्या त्या घराबद्दल

काल रात्री माझ्या जुन्या घरमालकीण आज्जींच्या मुलीचा मेसेज आला, घर विकायला काढलंय म्हणून. आज्जी आता तिच्याकडे राहायला गेल्यात, जिने चढवत नाहीत. तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाहीये, म्हणून लिहायला बसले.

ते घर माझं नाही. युनिव्हर्सिटीच्या प्रोजेक्टसाठी स्पेनमधल्या ग्रनादाला गेले होते, तिथल्या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत, अल्बायसिनमध्ये, माडीवरच्या दोन खोल्या अकरा महिने भाड्याने घेतल्या होत्या, नातं म्हणाल तर एवढंच. पण पहिल्या दिवशी बॅगा घेऊन त्या दगडगोट्यांच्या चढावरून धापा टाकत वर पोचले, बाहेरून बघते तर नुसती चुन्याची भिंत आणि एक जुनं दार, आणि आज्जींनी दार उघडल्यावर आत चौक, चौकात डाळिंबाचं झाड, वर द्राक्षाचा मांडव, चारी बाजूंनी लाकडी खांब आणि वरती कठडा... मी उंबऱ्यातच उभी राहिले. आमचा वाईचा वाडा पाडून पंधरा वर्षं झाली, आणि हे सगळं मला स्पेनमध्ये दिसत होतं.

तिकडे अशा बागेच्या घराला कार्मेन म्हणतात. अरबीत कर्म म्हणजे द्राक्षाचा वेल, त्यावरून. नाव ऐकायला गोड आहे पण त्यामागची गोष्ट फार वाईट आहे. १४९२ मध्ये ग्रनादा कॅथलिक राजाराणीच्या ताब्यात गेलं, पुढे इथल्या मुसलमानांना बळजबरीने ख्रिश्चन केलं, १५६८ ला बंड झालं आणि मग १५७० पर्यंत त्या लोकांना शहरातून हाकलून दिलं. गजबजलेली वस्ती ओस पडली. घरं ढासळली, ज्यांच्या हातात ती आली त्यांनी दोन-चार पडकी घरं एकत्र करून भोवती भिंत घातली आणि आत बाग केली. म्हणजे आज आपण ज्या बागांचे फोटो काढतो तिथे आधी कुणाचं तरी स्वयंपाकघर होतं. आज्जींनी हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, डाळिंबाच्या बुंध्यापाशी हात ठेवून.

आणि पाणी! या टेकडीवर पाणी आलं ते आल्फाकारच्या झऱ्यापासून काढलेल्या ऐनादामारच्या पाटाने, अकराव्या शतकात. त्या पाटावर गल्लोगल्ली टाक्या भरायच्या, तिकडे त्यांना आल्खीबे म्हणतात, त्यातल्या बऱ्याच अजून शाबूत आहेत, विटांची कमान आणि खाली काळोख. आज्जींच्या चौकातही एक छोटी टाकी होती, आता कोरडी. झाकण उघडलं की भर जुलैत, बाहेर चाळीसच्या वर पारा असताना, आतून गार वास यायचा, ओल्या मातीचा आणि चुन्याचा. मी रोज दुपारी तिथे बसून काम करायचे. आपला हौद हा शब्दही अरबीच की, आणि संत्र्याला तिकडे नारांखा म्हणतात, म्हणजे आपलं नारिंगच. हे कळल्यावर मला तिथे परकं वाटायचं बंद झालं.

हिवाळा मात्र कठीण, हेही सांगायला पाहिजे. भिंती मातीच्या, हातभर जाड, ओल धरतात, उशीमागे पोपडे पडायचे. आज्जी गोल टेबलाखाली हीटर ठेवून वरून जाड कापड पांघरायच्या, त्याला मेसा कामिया म्हणतात, पूर्वी हीटरच्या जागी निखाऱ्यांची शेगडी असायची. पाय आत घालून आम्ही दोघी संध्याकाळी मटार सोलत बसायचो. मे महिन्यात त्या स्वतः शिडीवर चढून भिंतीला चुना द्यायच्या, ऐंशीच्या वयात, मला फक्त बादली धरू द्यायच्या.

म्हणूनच मला आता भीती वाटतेय. शेजारचं घर एका कंपनीने घेतलं होतं, त्याचे सहा टुरिस्ट फ्लॅट केले. संरक्षित भाग आहे, १९९४ पासून जागतिक वारशाच्या यादीत, बाहेरून काही बदलायचं तर परवानगी लागते, त्यामुळे बाहेरची भिंत जशीच्या तशी आहे. आत मात्र चौकात पार्टिशन, झाड तोडलेलं, आणि रात्री दोन वाजता गोट्यांवरून चाकांच्या बॅगांची खडखड. कोपऱ्यावरचं किराणा दुकान मी असतानाच बंद झालं, कारण रोज ब्रेड नि दूध घेणारं गल्लीत उरलंच कोण?

लोक म्हणतात घर वाचलं ना, मग झालं. मला हे अजिबात पटत नाही. सान निकोलासच्या कट्ट्यावरून संध्याकाळी समोरचा अलहाम्ब्रा राजवाडा लाल होताना मीही बघितलाय, मागे सिएरा नेवादाच्या डोंगरांवरचा बर्फ, डोळ्यांत पाणी येतं. पण अल्बायसिन म्हणजे अलहाम्ब्रा बघायची गॅलरी नाही हो, तिथे माणसं राहतात, प्लासा लार्गाच्या बाजारात भाजी घेतात, त्याच वेशीतून जातात जिच्यावर पूर्वी लबाड व्यापाऱ्यांची जप्त केलेली खोटी वजनं टांगायचे. मातीचं घर माणसाच्या वावराने टिकतं. कौल सरकलं की कुणाच्या तरी डोक्यावर पाणी गळायला हवं, तरच ते दुसऱ्या दिवशी नीट होतं. तीन रात्रींसाठी आलेला माणूस कशाला वर बघेल?

माझ्याकडे ते घर घ्यायला पैसे असते तर आज विमानात बसले असते. नाहीयेत. पण कुणी स्पेनमध्ये असाल, खरंच तिथे राहणारं कुटुंब माहीत असेल तर प्लीज मला मेसेज करा, मी आज्जींच्या मुलीशी बोलणं करून देते. भाव थोडा कमी आला तरी आज्जींना राहणारं माणूसच हवंय, असं ती म्हणाली.

मी तिला उलट एवढंच विचारलं की यंदा वेलाची छाटणी झाली का. फेब्रुवारी संपायच्या आत करायची असते, दोन डोळे ठेवून वरचं सगळं कापायचं, आज्जींनी शिकवलं होतं. ती म्हणाली, नाही झाली, शनिवारी जाऊन करते.