उधार होतं, फुकट नव्हतं

अण्णांना मेल्यावर ब्लेझर मिळाला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. स्टुडिओवाल्याने आधार कार्डावरचा चेहरा उचलून निळ्या ब्लेझरवर बसवलेला, गळ्यात लाल टाय. खाली मोठ्या अक्षरात ‘देवमाणूस’ आणि त्याखाली अकरा जणांचे फोटो, ‘शुभेच्छुक’ म्हणून. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सची फाईल घाईत तशीच वापरली असणार. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला निळ्या शाईचा डाग, याशिवाय दुसऱ्या कुठल्या कपड्यात तासगावनं माझ्या वडिलांना, डॉक्टर अण्णांना, बघितलेलं नाही. आई फ्लेक्सकडे बघून एवढंच म्हणाली, "टाय कुणी बांधला असंल गं त्यांना?" आणि हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

लावणाऱ्यांच्या मनात प्रेमच होतं. माझं भांडण त्या शब्दाशी आहे. वर्षभर तो ऐकून कान किटले. "देवमाणूस हो, पैसा कधी बघितला नाही." "हात लावला की निम्मं बरं वाटायचं." "आता कुठले तसले डॉक्टर!" यातलं शेवटचं वाक्य म्हणजे बहुतेक वेळा आजच्या एखाद्या तरुण डॉक्टरला शिव्या घालायची प्रस्तावना असते. म्हणून लिहूनच टाकते.

आधी पैशाचं. अण्णा पैसा बघायचे. 1979 साली दवाखाना सुरू केला तेव्हा तपासणी आणि औषध मिळून तीन रुपये घ्यायचे. 2020 मध्ये शटर ओढलं तेव्हा साठ. असतील त्याने दिले तर गल्ल्यात, नसतील तर वहीत. लाल कापडी बांधणीच्या अशा सतरा वह्या माळ्यावर आहेत. बाहेरच्या खोलीत मिक्श्चर बनवणारे कंपाउंडर काका त्या लिहायचे. बाटलीवर डोसाची कातरलेली पट्टी चिकटवायची आणि त्याच चिकट बोटांनी वही ओढायची, त्यामुळे जुनी पानं एकमेकांना डसलेली आहेत. नोंदी वाचण्यासारख्या. ‘द्राक्षं गेल्यावर.’ ‘बेदाण्याचा सौदा झाला की.’ ‘पोरीच्या लग्नानंतर’, आणि त्यापुढे अण्णांच्या अक्षरात, ‘पोरीला पोर झालं!’

एप्रिल-मे मध्ये गावात पैसा खेळायला लागला की काका सायकल काढून वसुलीला जायचे. ज्या वर्षी गारपीट झाली किंवा व्यापारी माल उचलून पळाला, त्या वर्षी सायकल निघायची नाही. पुढच्या वर्षी निघायची. ते फुकट नव्हतं, उधार होतं. अण्णांचा हिशेब साधा होता. उधारीवाला पुढच्या आजारात ताठ मानेनं येतो. फुकट घेतलेला माणूस दुखणं अंगावर काढतो, कारण त्याला परत यायची लाज वाटते. यात त्यांची माणसाची पारख दिसते. तिला दैवी म्हटलं की तिच्यातली अक्कल निघून जाते.

(दहाव्याला "पैसा कधी घेतला नाही" असं सगळ्यांत मोठ्यानं सांगणारे गृहस्थ वही क्रमांक 14 मध्ये आहेत. बाकी 1,140 रुपये. नाव सांगणार नाही.)

आता त्या हाताचं. हातात काही नव्हतं. डोक्यात मात्र तासगावचं पंचांग होतं. ऋषिपंचमीला गणपतीचा रथ ओढला जातो, त्या दिवशी चेंगरलेली बोटं आणि उपाशीपोटी चक्कर आलेल्या बाया. दसऱ्याच्या रात्री कवठे एकंदला दारूकाम, म्हणजे भाजलेले. आमच्या घरी दसऱ्याचं रात्रीचं जेवण कधी वेळेवर झालं नाही. उन्हाळ्यात सावळज, मणेराजुरीच्या माळावर इंचू. आणि ऑक्टोबर छाटणीपासून पुढे फवारणी.

त्या छाटणीतलीच एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. मी नववीत असेन. तिशीतल्या एका गड्याला चौघांनी उचलून आणला. तोंड, मान, छाती बिटासारखी लाल, धाप लागलेली, काळीज हातोडा मारल्यासारखं उडतंय. बायको दारातच रडायला लागली, कुणीतरी ‘ॲटॅक, ॲटॅक’ म्हणतंय. अण्णांनी नाडी धरली, रक्तदाब बघितला, मग त्याच्या हाताचा वास घेतला आणि बोटांची पेरं उलटसुलट करून बघितली.

"पेस्ट लावलीस आज?"

मान हलली.

"आणि वर किती घेतलीस?"

गडी गप्प. शेवटी बायकोच म्हणाली, "एक कॉटर, डॉक्टर."

छाटणीनंतर वेलीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते अंगात गेलं असेल आणि वर दारू पडली, तर दारू शरीरात मध्येच अडकते, पुढे तिचं विघटनच होत नाही. दारू सोडवायच्या गोळ्या ज्या तत्त्वावर चालतात तेच हे. अण्णांनी त्याला आडवा केला, सलाईन लावलं आणि दोन तास शेजारी स्टूल टाकून दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब बघत बसले. रात्री गडी चालत घरी गेला. त्यानंतर दर छाटणीला टोळ्या यायला लागल्या की अण्णा मुकादमाला बोलावून सांगायचे, "पेस्टच्या आठवड्यात बाटली बंद. पगार त्यानंतर दे." हे सुचायला द्राक्षाची बाग, टोळीचा पगार आणि गुत्त्याची वेळ, तिन्ही माहीत असावं लागतं. चकचकीत हॉस्पिटलात बसलेल्या भल्याभल्या हुशार डॉक्टरला ते माहीत नसेल तर त्यात त्याचा दोष नाही. तो तिथं राहतच नाही.

विंचवाचंही तेच. पोराला दरदरून घाम फुटलाय, हातपाय गार, आणि थोड्या वेळानं फेस, ही मरणं अण्णांनी सुरुवातीच्या वर्षांत बघितली होती. मग महाडकडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी गोळी वापरून रुग्ण वाचवल्याचं वाचनात आलं. तेव्हापासून त्या गोळ्या टेबलाच्या वरच्या खणात, स्टेथोस्कोपशेजारी. बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा अण्णांनी घरी पेढे आणले. आयुष्यात कधी भेट नाही, पण घरचं कार्य असल्यासारखे खूष!

पण त्यांची खरी हुशारी मला विचाराल तर दोन शब्दांत होती. ‘मिरजेला न्या.’ आमच्या भागात हे दोन शब्द ऐकले की घरातली बाई आधी मंगळसूत्राला हात लावते. 1894 साली वानलेससाहेबांनी मिरजेत दवाखाना काढला, 1962 मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि पार कर्नाटकातनं माणसं तिथं यायला लागली. अण्णा त्याच कॉलेजचे. तिथं काय होतं, कुणाचा हात कशावर बसलेला आहे, हे त्यांना पाठ होतं. विषबाधेचा रुग्ण आला, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली दिसली, की ॲट्रोपिनचा उतारा सुरू करून त्याला जीपमध्ये घालायचे आणि सिरिंज घेऊन काकांना शेजारी बसवायचे. त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला म्हणायचे, "मिरज नाही, बिरज नाही. घरी जा, ताक पी, चार दिवस झोप काढ." कुणाला पाठवायचं आणि कुणाला नाही, यावर एखाद्या घराची एकराची बाग वाचायची. आज ही निवड रुग्णालाच करावी लागते, तीही मोबाईलवर बघून.

चुकले नाहीत का? चुकले. माझ्या लहानपणी एक पन्नाशीचा शेतकरी ‘पोटात जळजळतंय’ म्हणून सकाळी आला. अण्णांनी पातळ औषध दिलं, दुपारी परत ये म्हणाले. दुपारी त्याला मिरजेला नेताना वाटेतच गेला. काळजाचं दुखणं पोटात उतरलं होतं. अण्णा संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, "माझ्या लक्षात आलं नाही." एवढंच. घरातल्या म्हाताऱ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला. महिन्याभरात कर्ज काढून ईसीजी मशीन आलं आणि चाळिशीपुढच्या प्रत्येक जळजळीची पट्टी निघायला लागली, पैसे असोत नसोत. त्या शेतकऱ्याची नातवंडंसुद्धा अण्णांकडेच यायची.

असं वाक्य आज कुठला डॉक्टर उच्चारेल? डॉक्टरांवरचे हल्ले थांबवायला महाराष्ट्राला 2010 मध्ये कायदा करावा लागला, तरी काचा फुटतातच. रुग्णानं कोर्टात जाऊ नये असं मी म्हणत नाही, जावंच. पण देव म्हणून पुजायचं आणि चुकला की ठोकायचं, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडातनं येतात हे मला दिसतं. माणूस म्हणून बघितला असता तर दोन्हींची गरज पडली नसती.

अण्णांचे दोष मला जास्त माहीत, कारण मी घरात होते. सुई मागणाऱ्याला ते सुई द्यायचे. लाल रंगाचं बी कॉम्प्लेक्स, गरज असो नसो. "नाही दिली तर हा समोर जाऊन दोन टोचून घेणार," हे त्यांचं उत्तर. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. दुसरं, पाकिटं. दिवाळीला एका तपासणी केंद्राकडून मिठाईच्या खोक्याखाली पेशंट पाठवल्याचं पाकीट यायचं. अण्णा ते परत पाठवायचे आणि पुढच्या प्रत्येक चिठ्ठीवर लिहायचे, ‘माझे जे काही असेल ते पेशंटच्या बिलातून कमी करावे.’ छान वाटतं ऐकायला. पण 2013 मध्ये त्याच बावस्करांनी असा आलेला बाराशे रुपयांचा चेक परत करून थेट मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. अण्णांनी नाही केली. मी विचारलं तर म्हणाले, "त्यांच्याकडेच पाठवायचं असतं गं उद्या." ही भीड होती. गावात राहणाऱ्याला ती असते, आणि तिचीही किंमत कुणीतरी मोजत असतं.

बाप म्हणून कसे होते, हे लोक विचारतात. बरे होते. घरी कमी असायचे. रविवारी स्कूटरवर मागे बसवून व्हिजिटला न्यायचे, बॅग माझ्या मांडीवर. ‘डॉक्टरांची पोरगी’ असल्याचा एकच ठळक तोटा म्हणजे स्टँडवरचा भेळवाला मला पाणीपुरी द्यायचा नाही. "डॉक्टर वरडत्यात." सांगलीला कॉलेजात जाईपर्यंत मी पाणीपुरी खाल्ली नव्हती, यावर आजही कुणी विश्वास ठेवत नाही.

मार्च 2020 मध्ये जिल्ह्यातले पहिले कोरोना रुग्ण इस्लामपूरला सापडले तेव्हा आईनं किल्ली काढून घेतली. सदुसष्ट वय, साखर. ते ऐकले. नंतर व्हरांड्याच्या जाळीतून सल्ले चालायचे, पण शटर परत उघडलं नाही आणि गाळा भाड्यानंही देऊ दिला नाही.

मागच्या महिन्यात एक मुलगी बघायला आली होती. एमबीबीएस, सव्वीस वर्षांची, जवळच्याच गावची. खुर्चीवर बसून बघितलं, वजनकाट्यावर उभी राहिली, वह्या चाळून हसली. मग म्हणाली, "ताई, मला आवडलं असतं. पण घरी म्हणतात, नुसतं एमबीबीएस करून काय गावात बसणार? पीजी कर." तिसऱ्यांदा नीट देतेय. खाजगी कॉलेजची फी, त्यावरचं कर्ज, आणि लग्नाच्या बैठकीत ‘नुसतं एमबीबीएस’ म्हणून पडणारा चेहरा. तिला मी काय म्हणणार? अण्णा जन्मभर नुसते एमबीबीएसच होते. त्यांच्यासारखा डॉक्टर हवा म्हणणाऱ्या आपल्यातला प्रत्येक जण सर्दीला सुद्धा आधी ‘स्पेशालिस्ट कोण आहे?’ विचारतो. मीही विचारते, खोटं कशाला बोलू?

फ्लेक्स आता आमच्या मागच्या शेडवर आहे, बेदाण्याच्या क्रेट झाकायला. ब्लेझरचा निळा रंग उन्हानं उडालाय, टाय अजून लाल आहे.

गाळा रिकामा आहे. तळमजला, नळाला पाणी, टेबल, तपासायचा पलंग, वजनकाटा आणि चालू अवस्थेतलं ईसीजी मशीन आहे. कुणाच्या घरी नुसतं एमबीबीएस झालेलं पोरगं किंवा पोरगी बसून असेल तर इनबॉक्स करा. भाड्याचं आईशी बोलावं लागेल. ती उधार देत नाही.