‘स्वतः केलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ हे मोजलं कुणी?

‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३० आणि स्वतः केलेलं ९०.’ खाली एडगर डेल यांचं नाव. हा पिरॅमिड ट्रेनिंगच्या स्लाइड्समध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सतत दिसतो. त्याच्या भरवशावर समजावून सांगणं बंद होतं आणि अख्खा दिवस ‘अ‍ॅक्टिव्हिटी’त जातो, म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे, हे आकडे डेल यांचे नाहीत. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या या प्राध्यापकांनी १९४६ साली अनुभवांचा शंकू मांडला, तो थेट अनुभवापासून शब्दांपर्यंत जाताना शिकणं कसं अमूर्त होत जातं हे दाखवायला. त्यात टक्केवारी नव्हती, ती मागाहून चिकटवली गेली. आणि काय लक्षात राहतं, कुणाच्या, किती दिवसांनी? याचं उत्तर पिरॅमिडात कुठेच नाही.

‘केलं की येतं’ हे तर नवख्यांच्या बाबतीत घातक आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी आयटीआयहून आलेल्या पोरांच्या हातात थेट मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, दिले. त्याचं थिंबल, म्हणजे फिरवायचा भाग, एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतं. स्लीव्हवरची, म्हणजे आतल्या न फिरणाऱ्या नळीवरची, अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटली की ७.७८ चं रीडिंग ७.२८ होतं. पोरं तासभर तसंच मोजत राहिली आणि चूक हातात बसली. शेवटी शेजारच्या मशीनवरचे मामा आले. “अरे, आधी अर्ध्याची रेघ उघडी पडलीय का बघ, मग थिंबल वाच.” ऐकलेल्या त्या एका वाक्याने काम झालं.

वाचनही कुचकामी नाही. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा दोनदा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर सुमारे ४२ टक्के आठवलं. एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६. वाचलं दोघांनीही, फरक पडला तो आठवण्याच्या कष्टाने.

‘मोठी माणसं ऐकून शिकत नाहीत’ हेही प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांच्या नावावर खपवू नये. प्रौढांना ‘हे कशासाठी’ ते कळायला हवं आणि त्यांच्या अनुभवाला जागा हवी, हा त्यांचा मुद्दा. डिझाइन थिंकिंग, म्हणजे वापरणाऱ्याची अडचण समजून उपाय घडवायची पद्धत, तीही भिंतीवरच्या रंगीत चिठ्ठ्यांच्या आधी सुरू होते, माणूस काम करताना कुठे अडतो ते बघण्यापासून.

मी आता ट्रेनिंग आखण्याआधी सेकंड शिफ्टला लाइनवर उभा राहतो. मायक्रोमीटरच्या बॅचला अर्ध्याची रेघ मामाच दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वह्या मिटून पाच रीडिंग घ्यायला लावतो.